नात्यातले डोळे

१९९९च्या दसऱ्याच्या सुमाराला कराडात काळ्यापांढऱ्या फोटोचं मोठं प्रिंट हातानं काढून देणारा एकच माणूस उरला होता, आणि तो दुपारी एक ते चार झोपायचा. बाकी सगळीकडं रंगीत लॅब झाल्या होत्या. तिथं रोल टाकला की तासाभरात छत्तीस चकचकीत फोटो बाहेर. साखरपुड्याचे, बारशाचे, महाबळेश्वरला घोड्यावर बसल्याचे. माझं काम बघितलं की तिथली पोरं म्हणायची, साहेब, ह्यात रंगच न्हाई. रंग नाहीच, बाबा. असता तर तुला झेपला नसता.

म्हणून मी रोज मंगळवार पेठेत नानासोंच्या स्टुडिओच्या पायरीवर बसून चार वाजायची वाट बघायचो आणि मनातल्या मनात त्यांच्या झोपेला शिव्या घालायचो. मला चोवीस प्रिंट हवे होते. दिवाळी झाल्यावर सांगलीत एका वाचनालयाच्या हॉलमध्ये माझं प्रदर्शन होतं. पहिलंच, आणि तेही माझ्या हट्टामुळं ठरलेलं.

मी बुद्धभूषण. नव्वद सालापासून जिथं गोळीबार चालतो तिथं जाऊन गोळी न चालवणाऱ्यांचे फोटो काढत आलो. काश्मीर, जाफना, परत काश्मीर, आणि त्या उन्हाळ्यात कारगिल. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. त्यामुळं मी लढाईवरून आलोय म्हटलं की लोक बसवून चहा पाजतात आणि विचारतात, तोफ बघितली का, आपल्या खटावचा, माणचा कोण भेटला का. जवानांबद्दल मला आदरच आहे. माझा सख्खा चुलता फौजेतून सुभेदार होऊन आला. पण तोफेचा गोळा ज्यांच्या छपरावर पडतो त्यांचं काय, असं मी विचारलं की नेमका चहा संपलेला असतो.

दिल्लीच्या साप्ताहिकाचंही तेच. एकोणीस रोल दिले, त्यातले दोन फोटो छापले, दोन्ही तोफांचे. मी ज्या फोटोसाठी जीव टाकला होता, त्याबद्दल संपादक फोनवर म्हणाला की फोटो फार सुंदर आहे, पण त्यात युद्ध कुठं दिसतंय? मी रिसीव्हर असा आपटला की एसटीडी बूथवाला खुर्चीतून उठला.

तो फोटो असा होता. रस्त्याला लागून असलेल्या एका गावातलं तळघर. हिवाळ्यात जनावरं बांधायची दगडी जागा. गोळे पडायला लागल्यापासून अकरा माणसं तिथं राहत होती. दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत यायची. त्या पट्टीत एक बाई भिंतीला टेकून बसलेली, तोंड अर्धं वळवलेलं, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिची नऊ वर्षांची पोरगी. पोरीचं नाव हलीमा. अंगात ताप, डोळे मिटलेले, एक हात आईच्या गुडघ्यावर. मी तीन फोटो घेतले. तिसरा तो.

फोटो घेऊन झाल्यावर त्या बाईनं गावच्या मास्तरामार्फत मला विचारलं, की तुमच्या गाडीतून पोरीला खालच्या हॉस्पिटलात न्याल का? गाडीत आम्ही तिघं पत्रकार आणि ड्रायव्हर. मागच्या सीटवर माझी कॅमेऱ्याची बॅग होती. बॅग मांडीवर घेता आली असती. पण रोल संध्याकाळच्या आत पुढं पोचवायचे होते, आणि हॉस्पिटलचा फाटा उलट्या दिशेला. मी पोरीकडं बघितलं. झोपली होती. मी मास्तरला म्हटलं, उद्या येतो, उद्या नक्की नेतो. प्रिंट पाठवायचंही कबूल केलं.

उद्या रस्ता बंद झाला. परवा दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला की त्या तळघरावर गोळा पडला. कोण गेलं, कोण राहिलं, त्याला माहीत नव्हतं. मला पुढं सोडलं नाही. आठ दिवस हातापाया पडलो, मग दिल्लीला आलो, मग घरी.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. ती पोरगी आहे की नाही, एवढं कुणीतरी सांगावं. मास्तरला जुलैत पत्र घातलं, सप्टेंबरात घातलं. उत्तर नाही. सरकारी ऑफिसांत फोन केले. पालथ्या घड्यावर पाणी. कबूल केलेलं प्रिंट मी पाठवलं नव्हतं, कारण मेलेल्या पोरीचा फोटो आईच्या हातात नेऊन द्यायचा की जिवंत पोरीचा, हेच ठाऊक नव्हतं. बायको दीक्षा म्हणायची, तुम्ही त्यांचाच विचार करत जेवता, जेवण तरी नीट करा. मी तिच्यावरही खेकसायचो.

आता नानासोंचं सांगतो. सत्तरीचा माणूस, पांढरा शर्ट, कानात अत्तराचा बोळा. त्यांचं नाव चालायचं ते टचिंगसाठी. खेड्यापाड्यात जुन्या माणसांचा उभ्या जन्मात एक फोटो निघालेला नसायचा. माणूस गेला की मग पळापळ. खुर्चीत बसवून, फेटा बांधून, मागून कुणीतरी मान धरून फोटो काढायचे, आणि तो नानासोंकडं आणून द्यायचे. नानासो केसाएवढ्या ब्रशनं मिटलेल्या पापण्या पुसायचे आणि त्यावर उघडे डोळे काढायचे. भिंतीवर लावल्यावर म्हातारा जिवंत दिसायचा. त्याला ते डोळे उघडून देणं म्हणायचे. विट्यापासून म्हसवडपर्यंत कितीतरी घरांत त्यांनी उघडून दिलेले डोळे अजून हाराआडून बघतायत.

त्यांचा एक नियम होता. डोळे मनानं काढायचे नाहीत. मेलेल्याचा भाऊ, नाहीतर मुलगा, नाहीतर लेक, कुणीतरी रक्ताचं समोर स्टुलावर बसवायचं आणि त्याचे डोळे बघून काढायचे. परक्याचे डोळे दिले तर भिंतीवरचा माणूस घरच्यांना ओळखत नाही, असं ते म्हणायचे. मला हसू यायचं. पण हात असा होता की हसू गिळून मी काम त्यांनाच दिलं.

दसऱ्याच्या आधी चोवीस प्रिंट तयार झाले. निगेटिव्ह मी माझ्या पिशवीत परत घेतल्या आणि प्रिंट त्यांच्याकडं ठेवले. धुळीचे ठिपके काढा आणि चेहरे नीट करा, एवढंच सांगितलं. इथं माझं चुकलं. चेहरे नीट करा हे त्या माणसाला सांगायचं नसतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. नानासो खुशीत होते. त्यांनी हलीमाचा फोटो सगळ्यांत वर ठेवला होता.

पोरीचे डोळे उघडे होते.

काम इतकं बेमालूम होतं की पहिल्यांदा मला काय बदललंय तेच कळेना. मग डोकं सणकलं. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. नऊ वर्षं मी एका फोटोतला दगडसुद्धा इकडचा तिकडं केला नाही, आणि ह्या म्हाताऱ्यानं माझ्या सगळ्यांत चांगल्या फोटोला भिंतीवरची तसबीर करून टाकलं होतं. नानासोंनी सगळं ऐकून घेतलं. ते चिडले नाहीत, हीच गोष्ट मला जास्त लागली.

"नानासो, पोरगी मेलेली नव्हती. झोपली होती."

"आसंल," ते म्हणाले. "उठल्याव बघितली का तुमी तिला?"

 मी विषय फिरवला आणि विचारलं, की हिचं रक्ताचं तर इथं कुणी नाही, मग डोळे कुणाचे बघून काढलेत?

"तुमचं. तुमच्या पासपोर्ट फोटोची काचेची निगेटिव्ह हाय की माज्याकडं." ते ब्रश पाण्यात हलवत म्हणाले. "शेवटचं कुनी बघितलं तिला? तुमीच न्हवं? मंग तितक्यापुरतं तुमीच घरचं."

मी ते प्रिंट उचललं, त्यांच्या देखत चार तुकडे केले आणि म्हटलं, मला तुमची अंधारखोली द्या, मी स्वतः काढतो. त्यांनी किल्ली दिली आणि झोपायला गेले.

अंधारखोली म्हणजे मागं धान्य साठवायची बळद असावी तशी चिंचोळी जागा. लाल बल्ब, फोटो धुवायच्या हायपोचा आंबूस वास, नळाची टपटप. मी निगेटिव्ह लावली, कागदावर उजेड पाडला, कागद ट्रेमध्ये सोडला आणि ट्रे हलवत उभा राहिलो. आधी आईची ओढणी आली. मग भिंत, मग पोरीचे केस, गुडघ्यावरचा हात. मग कपाळाखाली दोन काळे ठिपके आले आणि हळूहळू मोठे झाले.

डोळे उघडे होते. ते माझ्याकडं बघत होते.

मी परत एक प्रिंट काढलं. तेच. मग पांढरा दिवा लावून निगेटिव्हच भिंगाखाली धरली. फिल्मवर ब्रशचा स्पर्शसुद्धा नव्हता, आणि ती माझ्या पिशवीबाहेर गेलेली नव्हती. डोळे तिथंही उघडेच. दिल्लीत काढलेला छोट्या छोट्या फोटोंचा ताव माझ्याकडं घरी होता. सायकल हाणत घरी गेलो, तो काढला. त्यात पापण्या मिटलेल्या. तोच फोटो, तोच नंबर, तीच उजेडाची पट्टी.

मी तर्कानं चालणारा माणूस आहे. घरात देव नाही, अंगारा नाही. बापानं छप्पनला सगळं नदीत सोडलं ते सोडलं. मी स्वतःला समजावलं की तावावरचा फोटो नखाएवढा, सावलीनं पापणी मिटल्यासारखी वाटत असेल. निगेटिव्ह खोटं बोलत नाही, हे मी शिकाऊ पोरांना घसा कोरडा करून सांगत आलो. निगेटिव्ह म्हणते डोळे उघडे, तर डोळे उघडेच होते.

पण मग मी उद्या येतो म्हणालो तेव्हा ती जागी होती. ती बघत होती. मी बॅगेकडं बघितलं तेही तिनं बघितलं असणार. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तरीही फोटो प्रदर्शनात लावला. तो न लावता बाकीचे लावायला मला तोंड नव्हतं.

प्रदर्शन तीन दिवस चाललं. पहिल्या दिवशी उद्घाटनाला तीसेक माणसं, त्यातली निम्मी वाचनालयात पेपर वाचायला आलेली. एका गृहस्थांनी सगळी भिंत फिरून विचारलं, फायरिंगचे फोटो वरच्या मजल्यावर आहेत का? कॉलेजची पोरं आली, वहीत 'छान' लिहून गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये मी आणि झाडलोट करणारी बनुबाई, एवढेच. ती केरसुणी घेऊन त्या फोटोपुढं थांबली. बराच वेळ थांबली. मग माझ्याकडं वळून बघितलं, परत फोटोकडं.

"तुमचीच लेक न्हवं?" ती म्हणाली. "डोळं सगळं बापावर गेल्यात."

 मी जिन्यात जाऊन बसलो आणि मला रडू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. ते कुणी बघितलं नाही, आणि मी दीक्षालाही सांगितलं नाही.

त्यानंतर माझं बघणं बिघडलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, नंबर होता तेवढाच. अधू वगैरे काही झालं नव्हतं. पण नजर जिथं ठेवावी तिथं राहीना. पेपर वाचायला घ्यावा तर नजर खिडकीत. दत्त चौकात बांगड्यांच्या दुकानापुढं मी एकदा इतका वेळ उभा राहिलो की दुकानदारानं आतून विचारलं, वहिनींचं माप काय? कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायचो. कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येऊन भिडतात आणि दोघी मिळून बाजूला वळतात. जन्मापासून बघितलेली गोष्ट, त्यात काय बघायचंय? तरी तासन्‌तास बघत राहायचो. उठावंसं वाटायचं, पण बघणं संपायचं नाही.

दीक्षाच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, तुम्ही हल्ली माझ्याकडं बघता तेव्हा तपासल्यासारखं बघता. आधी आशेनं बघता आणि मग काहीतरी चुकल्यासारखं तोंड वळवता. मी म्हटलं, उगाच काहीतरी बोलू नकोस. पण ती बरोबर होती. ती दारातून आत आली की माझ्या छातीत काहीतरी उडी मारायचं, आणि चेहरा दिसला की विझायचं. माझं लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती. बायकोच्या तोंडाकडं बघून निराश व्हायला मला काहीच कारण नव्हतं.

डिसेंबरात सांगलीच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीसाठी म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाचं काम आलं. मी लगेच हो म्हटलं. गर्दी, गुलाल, खोबऱ्याची उधळण; हात मोकळा होईल, डोकं ताळ्यावर येईल. रथ हलला तेव्हा मी एका माळवदावर उभा होतो. खाली माणसांचा नुसता लाल चिखल झाला होता. मी तीन रोल काढले. रथ, मानकरी, गुलालात बुडालेले फेटे, दोर ओढणारे हात. प्रत्येक फोटो मी ठरवून घेतला. नऊ वर्षांत मला कधी असं झालं नाही की काय टिपलं ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी नानासोंच्या अंधारखोलीत रोल धुतले आणि ओल्या फिल्म दिव्यापुढं धरल्या.

रथ नव्हता.

तीन रोल, एकशे आठ फोटो. सगळ्यांत बायका. तिशी-पस्तिशीच्या बायका. कडेवर पोर घेतलेल्या, पोराचं नाक पुसणाऱ्या, गर्दीत पोरीचा हात घट्ट धरून चाललेल्या, पदरानं तोंडावरचा गुलाल पुसणाऱ्या. प्रत्येकीचा चेहरा मध्यभागी. फोटो नेमके होते, उजेड बरोबर होता, हात माझाच होता. मी त्या बायकांपैकी एकीलाही बघितल्याचं मला आठवत नव्हतं.

नानासो दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी माझ्या हातातली फिल्म घेतली, दिव्यापुढं धरून सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मी म्हटलं, नानासो, हे काय आहे?

"कुनीतरी कुनालातरी हुडकतंय," ते म्हणाले. फिल्म वाळत घातली आणि हात धुवायला गेले. त्या दिवसापासून त्यांनी डोळे उघडायचं काम घेतलं नाही. लोक फिरून फिरून परत जायचे.

पुरवणीवाल्यांना मी खोटंच सांगितलं की रोल लाईट लागून खराब झाले. संपादकानं ठेवणीतली भाषा काढली. मी ऐकून घेतली.

सत्तावीस डिसेंबरला पत्र आलं. पाकीट मळलेलं, दिल्लीचा शिक्का. सुट्टीवर निघालेल्या कुणा जवानाबरोबर खाली पाठवून तिथून टाकलेलं असावं. पत्र उर्दूत होतं, तारीख बारा डिसेंबर. मला त्यातलं माझं नावसुद्धा वाचता येईना. पाकिटामागं इंग्रजीत मास्तरचं नाव होतं. दीक्षानंच चप्पल पुढं सरकवली आणि म्हणाली, मुजावर गुरुजींकडं जा.

मुजावर गुरुजी उर्दू शाळेतून रिटायर झालेले, दोन गल्ल्या सोडून राहायचे. दुपारचं ऊन त्यांच्या अंगणात आलं होतं. मी पत्र दिलं आणि म्हटलं, गुरुजी, आधी एवढंच बघा, हलीमा नावाची पोरगी आहे का गेली.

गुरुजींनी चष्मा लावला, ओळींवरून बोट फिरवलं. मला तो वेळ फार मोठा वाटला.

"हाय," ते म्हणाले. "जित्ती हाय."

मी म्हटलं, आता पहिल्यापासून सांगा. गुरुजी वाचून मराठीत सांगायला लागले. मास्तरनं लिहिलं होतं की गाव उठून दुसरीकडं गेलं होतं, तुमची पत्रं एकदमच हातात पडली. गोळा पडला तेव्हा चौघं गेले. हलीमा आणि तिची आई वाचल्या. पण दगडाच्या कपच्या पोरीच्या डोळ्यांत गेल्या. श्रीनगरच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे काढले.

गुरुजी अडखळले. त्यांनी पुढची ओळ परत मनाशी वाचली.

मग ते हळू आवाजात सांगत राहिले. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून पोरगी म्हणते की तिला दिसतं. आम्हाला वाटलं, ताप आहे. पण ती असं काही सांगते जे तिनं कधी ऐकलेलं नाही. लाल दिव्याची खोली सांगते. दोन नद्या समोरासमोर भिडतात, म्हणते. एक माणूस जिन्यात बसून रडला, तेव्हा सगळं पाण्यात गेल्यासारखं दिसलं, म्हणते. कॅमेरा घेऊन आमच्याकडं एकच माणूस आत आला होता, म्हणून तुम्हाला लिहितो. चूक असेल तर माफ करा.

"आनखी हाय," गुरुजी म्हणाले. "वाचू?"

मी मान हलवली.

"ती म्हणते, मला सगळं दिसतं, पण आई दिसत नाही. जत्रेत त्यांनी माझ्यासाठी पुष्कळ बायका बघितल्या, त्यांत ती नव्हती. मे महिन्यात रस्ता उघडला की त्यांना म्हणावं, एकदा या आणि आईकडं बघा. जास्त वेळ नको."

 गुरुजींनी पत्राची घडी घातली आणि माझ्यापुढं धरली. त्यांच्या डोळ्यांत प्रश्न असणार. मला ते दिसले नाहीत.

दाराच्या उंबऱ्यावर त्यांची सून बसली होती. मांडीपुढं तिची लेक, सहा-सात वर्षांची. सून दातांत रिबीन धरून तिची वेणी घालत होती. मी आत आल्यापासून त्या तिथं असणार. मी त्यांच्याकडं कधी बघायला लागलो ते मला माहीत नाही.

सुनेला ते जाणवलं. तिनं पदर सारखा केला आणि सासऱ्याकडं बघितलं.

"भूषणराव," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

मला लाज वाटली. मी मान वळवायचा प्रयत्न केला. परत एकदा केला. मनापासून केला. मान वळली नाही.

हलीमाचं अजून बघून झालं नव्हतं.